न्याहारीची वाटी आणि रक्तातली साखर

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, अजिंठ्याकडे आणि पुढे जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हर्सूल आता शहराचाच भाग झाले आहे. तलाव, हरसिद्धी देवीचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह ही त्याची जुनी ओळख. सकाळी या भागात फिरून परतणाऱ्यांत मधुमेह असलेली माणसे थोडी नसतात. चालून झाल्यावर काहींची पावले पोह्यांच्या गाडीकडे वळतात. काही जण मात्र निर्धाराने घरी जातात आणि खोक्यातले कॉर्नफ्लेक्स दुधात घालून खातात. तेल नाही, मीठ बेताचे, वरची साखरही बंद केलेली. आपण पथ्य पाळतो आहोत, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. महिन्याने तपासणी होते आणि जेवणानंतरची साखर चढलेली दिसते. डॉक्टरांकडे गर्दी असते. न्याहारीला काय खाता, हे विचारायचे राहून जाते आणि गोळीचा डोस वाढतो. पुढे गावी गेल्यावर एखाद्या दिवशी नुसत्या ताकावर आणि फळावर सकाळ निघाली, की तीच वाढलेली गोळी साखर धोकादायकरीत्या खाली आणते. न्याहारीच्या वाटीचा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

आपल्या देशात हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने दिला. तिचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातील प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते.

मक्याच्या मुलखातले कॉर्नफ्लेक्स

हर्सूल ओलांडून फुलंब्री, सिल्लोडच्या दिशेने निघाले, की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका दिसतो. एकेकाळी खरिपात या पट्ट्यात बाजरीचा मान मोठा होता. गेल्या काही दशकांत तिची बरीच जागा मक्याने घेतली. हा मका मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. शेजारच्या शेतातला मका खाद्याच्या पोत्यात आणि ताटातला मका खोक्यातून, अशी ही गंमत आहे.

कॉर्नफ्लेक्सचा जन्म अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथला. तेथील आरोग्यधामात केलॉग बंधूंनी १८९४ साली शिजवलेले धान्य लाटून, भाजून त्याचे पापुद्रे करण्याची रीत काढली. रुग्णांना पचायला हलके अन्न द्यावे, हा हेतू होता. भारतात मोहन मीकिन या कंपनीचे कॉर्नफ्लेक्स आधीपासून मिळत असत. केलॉग कंपनी १९९४ साली आली आणि तिचा कारखाना तळोज्याला उभा राहिला. आपल्याकडे दूध तापवून गरम प्यायची सवय असल्याने त्यात पापुद्र्यांचा लगदा होई आणि सुरुवातीला लोकांनी नाकेही मुरडली. पुढे घरातली दोन्ही माणसे नोकरीला बाहेर पडू लागली, सकाळी भाकरी थापायला कोणाला वेळ उरला नाही आणि खोके स्वयंपाकघरात स्थिरावले. चवीपेक्षा वेळेने ही लढाई जिंकली, असेच म्हणावे लागेल.

मधुमेहाच्या दृष्टीने कारखान्यात मक्याचे काय होते, ते पाहणे महत्त्वाचे. दाण्यावरचा कोंडा आणि आतला अंकुर काढून टाकतात. उरलेल्या पिठूळ भागाच्या भरड्या कण्या वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, रुळांखाली चपट्या करतात आणि कडक आचेवर भाजतात. या साऱ्या प्रवासात तंतू निघून जातात आणि स्टार्चचे कण पूर्ण फुलून सैल होतात. असा स्टार्च आतड्यातल्या पाचकरसांना फार कष्ट देत नाही, त्याचे ग्लुकोज झपाट्याने होते. पचायला हलके हा जो गुण बॅटल क्रीकच्या रुग्णांसाठी शोधला गेला, तोच मधुमेहींना महाग पडतो.

खोक्यावर साखर कमी असल्याचे वाचून निर्धास्त होणाऱ्यांची गफलत इथेच होते. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये वरून घातलेली साखर फारशी नसतेच. स्टार्च ही ग्लुकोजच्या कणांचीच साखळी आहे. जिभेला ती गोड लागत नाही, रक्ताला मात्र लागते.

निर्देशांक काय सांगतो

कोणता पदार्थ साखर किती वेगाने वाढवतो, हे मोजण्यासाठी टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही कल्पना मांडली. ग्लुकोजला १०० धरायचे, तपासायच्या पदार्थातून ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके द्यायची आणि पुढच्या दोन तासांतला रक्तशर्करेचा चढ ग्लुकोजशी ताडून पाहायचा. ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे जास्त मानतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत कॉर्नफ्लेक्सची सरासरी ८१ आहे. पांढऱ्या पावाची ७५, पांढऱ्या भाताची ७३. मुसलीची ५७. चपातीची ५२. ओट्सची गोष्ट मात्र बोलकी आहे: चपट्या केलेल्या साध्या ओट्सची लापशी ५५ वर थांबते आणि झटपट होणाऱ्या ओट्सची ७९ वर जाते. धान्य एकच, फरक फक्त कारखान्याने ते किती बारीक व किती शिजवून दिले याचा. दोन मिनिटांत तयार होणारे अन्न पोटातही लवकर ‘तयार’ होते, हे या दोन आकड्यांवरून लक्षात ठेवायला सोपे आहे.

पण निर्देशांक हे अर्धेच चित्र आहे. किती खाल्ले, ते त्यात येत नाही. खोक्यावर एका वेळचे प्रमाण बहुधा ३० ग्रॅम लिहिलेले असते. त्यात कर्बोदके सुमारे २५ ग्रॅम. आता घरातले वजन काढून रोजचा वाडगा एकदा मोजून पाहावा. खोल वाडग्यात सहज ६० ग्रॅम मावतात, म्हणजे ५० ग्रॅम कर्बोदके. त्यावर २०० मिलिलिटर दूध, त्यातली दुग्धशर्करा १० ग्रॅम. दोन चमचे साखर ८ ग्रॅम. एक केळे चिरून घातले, तर आणखी सुमारे २५ ग्रॅम. बेरीज नव्वदच्या पुढे जाते! ‘हलका नाश्ता’ म्हणून घेतलेल्या वाडग्यात एका भरपेट जेवणाइतकी कर्बोदके दडलेली असतात आणि प्रथिने जेमतेम बारा-तेरा ग्रॅम.

ओट्स, मुसली आणि गव्हाचा कोंडा

ओट्सची कीर्ती पोकळ नाही. त्यांतला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू पाण्यात चिकट होतो, पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतो आणि साखर सावकाश शोषू देतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेले, तर कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हे मान्य झालेले आहे. जेवणानंतरची साखर आटोक्यात राहण्यासाठी मात्र युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने लावलेली अट कडक आहे: जेवणातल्या दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवे. ४० ग्रॅम ओट्सच्या वाटीत कर्बोदके सुमारे २६ ग्रॅम आणि बीटा-ग्लुकन दीड ते दोन ग्रॅमच असते. म्हणजे ओट्स बरे, पण औषध नव्हेत. मसाल्याची पुडी घातलेले झटपट ओट्स तर त्याहून खालच्या पंक्तीत बसतात. त्यांत मीठ भरपूर असते आणि मधुमेहासोबत रक्तदाबही असणाऱ्यांनी ते विसरू नये.

मुसलीत ओट्सबरोबर मनुका, सुकवलेली फळे, मध असा ऐवज असतो. कुरकुरीत प्रकारात तेल आणि साखर भाजताना घातलेली असते. गव्हाच्या कोंड्याचे पापुद्रे बद्धकोष्ठासाठी चांगले. तो तंतू मुख्यतः न विरघळणारा असल्याने साखरेवर त्याचा परिणाम ओट्सच्या तंतूइतका नसतो.

खोके घेताना समोरच्या चित्राकडे न पाहता मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. नाव ‘मल्टिग्रेन’ आणि यादीत पहिला मका किंवा मैदा, दुसरी साखर असेल, तर बाकीची धान्ये चिमूटभरच आहेत असे समजावे. साखर अनेक नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ. माल्टोडेक्स्ट्रिन तांत्रिकदृष्ट्या साखर नाही, पण रक्तात तिच्याच वेगाने उतरते. पोषणतक्त्यात ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अॅडेड शुगर्स’ या दोन्ही ओळी पाहाव्यात, तरी अंतिम हिशेब ‘कार्बोहायड्रेट’ या ओळीचाच धरावा. शंभर ग्रॅममागे तंतू सहा-सात ग्रॅमहून कमी असतील, तर ते खोके मधुमेहींच्या कामाचे नाही.

मग भाकरी खावी काय?

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न सुचणारच. ज्वारी ही या मातीची. रब्बीची मालदांडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले ‘परभणी मोती’सारखे वाण, थंडीतला हुरडा, दह्याबरोबरचे धपाटे हे इथल्या जिभेचे संचित आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीचे पोहे, ज्वारीचे पापुद्रे यांची खोकी दिसू लागली. ज्वारीची बाजू घेण्यासारखी आहेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि तितकीच प्रथिने असतात. पोह्यांत तंतू साडेतीन ग्रॅमच्या आसपास. इक्रिसॅट आणि सहकारी संस्थांनी २०२१ साली जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. भरडधान्ये नियमित खाणाऱ्या मधुमेहींत उपाशीपोटीची साखर सुमारे १२ टक्क्यांनी आणि जेवणानंतरची १५ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले.

इथेच थांबता आले असते, तर ‘आजीचे ते सारे चांगले’ असे लिहून लेख संपवता आला असता. पण ‘इंडियाब’च्याच आहारविषयक अभ्यासाने २०२५ साली आपल्या अभिमानाला थोडा लगाम घातला. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून नुसते पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आणले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांतून येणाऱ्या ऊर्जेपैकी थोडा, ५ टक्क्यांइतका, भाग डाळी किंवा दूधदुभत्यातल्या प्रथिनांनी भरून काढला, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसले. हा अभ्यास लोकांच्या आहाराची पाहणी करणारा आहे, प्रयोग नव्हे, हे ध्यानात घेऊनही त्याचा रोख स्पष्ट आहे. धान्य कोणते, यापेक्षा धान्य किती आणि त्याच्यासोबत काय, हा प्रश्न मोठा आहे.

५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. सोबत ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ घेतली, तर सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके आणि ६ ग्रॅम प्रथिने जमा होतात. मेथीची किंवा शेपूची भाजी आणि वाटीभर ताक यांनी फारशी भर पडत नाही. म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅमवर पोट भरते आणि दुपारपर्यंत तग धरते. हीच भाकरी तीनच्या हिशेबाने ठेच्याबरोबर खाल्ली, तर ज्वारीचे सारे गुण बुडून जातात. पोह्यांचेही तसेच. गाडीवरच्या बशीत ६०-७० ग्रॅम कोरडे पोहे असले, तर कर्बोदके पन्नासच्या घरात जातात. वरची शेव आणि शेजारचा गोड चहा वेगळा. घरी पोहे निम्मे करून तेवढेच मटार, कांदा, गाजर आणि मूठभर शेंगदाणे घातले, सोबत उकडलेले अंडे किंवा मोड आलेले मूग घेतले, की तोच पदार्थ शहाण्यासारखा वागू लागतो. उपीट जाड रव्याचे असले, तरी मोजूनच खावे. मुगाची किंवा हरभऱ्याच्या डाळीची धिरडी या सगळ्यांत उजवी. साबुदाणा मात्र जवळपास निव्वळ स्टार्च आहे. एकादशीला तो ‘उपासाचा’ म्हणून दुप्पट खाल्ला जातो, याला काय म्हणावे?

ज्यांना वेळेअभावी खोक्यातलेच खायचे आहे, त्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. ३० ग्रॅम जाड ओट्स किंवा साखरविरहित मुसली वजन करून घ्यावी, दुधाऐवजी घट्ट बिनगोड दही घ्यावे, चमचाभर जवस किंवा सात-आठ बदाम घालावेत, फळ हवे तर अर्धा पेरू. कॉर्नफ्लेक्सच हवे असतील, तर मूठभर, आणि आधी एखादे अंडे किंवा मोडाची वाटी खाऊन मग. हा ‘आधी–मग’चा भेद लहान नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली ११ रुग्णांवर केलेल्या छोट्या प्रयोगात भाज्या व प्रथिने आधी आणि पाव-रस नंतर दिला. उलट क्रमाच्या तुलनेत एका तासानंतरची साखर तब्बल ३७ टक्क्यांनी कमी राहिली. पदार्थ तेच होते, फक्त क्रम बदलला होता.

सकाळच का अवघड

पुष्कळांचा अनुभव असा, की रात्री एक भाकरी पचते आणि सकाळी तीच साखर वाढवते. हा भ्रम नव्हे. पहाटे शरीर जागे होण्याची तयारी करते, तेव्हा कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात. यकृत साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव काही तास मंदावतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड ही तूट भरून काढते, मधुमेहींचे काढू शकत नाही. दिवसातले सर्वांत झटपट पचणारे अन्न नेमके याच वेळी घ्यावे, हा व्यवहार उलटा आहे. कॉर्नफ्लेक्स खायचेच असतील, तर संध्याकाळी फिरून आल्यावर थोडे खाणे त्यापेक्षा सोसेल.

कोणाला काय सोसते, याचा निवाडा शेवटी ग्लुकोमीटर करतो. न्याहारीचा पहिला घास घेण्यापूर्वी एकदा आणि त्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजावी. तीच न्याहारी, तेवढ्याच वजनाची, तीन दिवस खाऊन आकडे वहीत लिहावेत. मग दुसरा पदार्थ घ्यावा. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण फळ कापलेल्या बोटावरची साखरही आकडा फुगवते. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असे लक्ष्य सामान्यतः सांगितले जाते. वयोवृद्धांसाठी ते डॉक्टर सैल करतात. गरोदरपणातल्या मधुमेहात दोन तासांनंतर १२० च्या आत असे कडक लक्ष्य असते आणि तिथे न्याहारीतल्या धान्याला सर्वांत आधी कात्री लावावी लागते. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काय किंवा गल्लीतल्या दवाखान्यात काय, दोन मिनिटांच्या भेटीत ‘न्याहारी बदलू की गोळी वाढवू’ हा प्रश्न विचारण्याची तीच एक सोय आहे.

गोळी-इन्सुलिन चालू असताना

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वरचे बदल एकदम करू नयेत. नव्वद ग्रॅम कर्बोदकांच्या वाडग्यासाठी बसवलेला डोस चाळीस ग्रॅमच्या न्याहारीला जास्त ठरतो. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळलेपणा ही साखर घसरल्याची चिन्हे आहेत. मोजल्यावर ती ७० च्या खाली दिसली, किंवा मोजायची सोय नसली, तरी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, गरज पडल्यास तेवढीच साखर पुन्हा घ्यावी आणि नंतर काही खावे. अशा वेळी ओट्स, बिस्किटे किंवा चॉकलेट उपयोगाचे नाही. त्यांतली साखर पोहोचायला उशीर लागतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे. उपासाच्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांनी डाळी आणि कोंडा वाढवण्यापूर्वीही तसेच विचारावे, कारण त्यांच्या पथ्याचे गणित वेगळे असते. तंतूंची सवय नसलेल्यांनी ते आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणी भरपूर प्यावे. नाहीतर पोट फुगते आणि तिसऱ्या दिवशी खोके पुन्हा टेबलावर येते.